नमुना क, ख आणि ग

सासूबाईंनी मला काहीतरी आणायला सांगितलं, ही घटना आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा घडली.

आधीची अठरा वर्षं त्या माझ्याशी वाईट वागल्या असं मुळीच नाही. त्या मला ‘जावईबापू’ म्हणतात, माझी प्रकृती विचारतात, माझ्या विनोदांवर मान हलवतात. पण काम म्हणून सांगत नाहीत. घरातला बल्ब गेला तरी शेजाऱ्यांना बोलावतात. (एकदा मी त्यांच्याकडचा बल्ब बदलला होता. तेव्हापासून शेजाऱ्यांना बोलावतात.)

गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई दोन महिन्यांपूर्वी स्टुलावरून उतरताना घसरल्या. पाय मोडला, प्लास्टर चढलं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. पाय उंच ठेवायचा म्हणून दिवसभर दिवाणखान्यातल्या सोफ्यावर. समोरच्या भिंतीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर, आणि वर भिंतीला टीव्ही, म्हणजेच कॉम्प्युटरचा मोठा पडदा. सोफा आणि टेबल यांच्यात आठ फुटांचं अंतर. आमच्या माऊसची तार चार फुटांची.

"जावईबापू," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "हातात धरून चालवायचा, बिनतारी माऊस मिळतो म्हणे. तेवढा आणाल का? पुढच्या रविवारी माझी फायनल आहे."

फायनल म्हणजे ज्येष्ठांच्या बुद्धिबळ मंडळाची. ही मंडळी आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर खेळतात. सासूबाई सलग चौथ्यांदा फायनलला आल्या होत्या, आणि समोर चौथ्यांदा तेच निवृत्त दंतवैद्य होते. आधीच्या तिन्ही वेळा दंतवैद्य जिंकले होते. हरण्याचं सासूबाईंना काही वाटत नाही. पण प्रत्येक वेळी डाव संपल्यावर दंतवैद्य फोन करून म्हणाले होते, "बाई, छान झुंज दिलीत." हे वाक्य सासूबाईंच्या जिव्हारी लागलं होतं. ते उच्चारताना त्यांचा ओठ अजून थरथरतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

मला भरून आलं. माणसं एवढ्याशा गोष्टीने भरून येतात का, असं तुम्ही विचाराल. मी येतो.

"आई, तुम्ही निर्धास्त राहा," मी म्हणालो.

"अहो, दुकानात जा, एक माऊस घ्या आणि या," आमची ही आतून म्हणाली. ही माझ्या विचारांच्या पुढे दोन पावलं असते.

पण मी एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात बावीस वर्षं लिपिक आहे. ‘दुकानात जा आणि घेऊन या’ या प्रकाराला आमच्याकडे खरेदी म्हणत नाहीत. खरेदी म्हणजे तीन ठिकाणांहून तीन नमुने मागवायचे, त्यांना क, ख, ग अशा चिठ्ठ्या चिकटवायच्या, आठवडाभर वापरून बघायचे, तुलनात्मक तक्ता करायचा, आणि जो मंजूर होईल तो नमुना पाकिटात घालून, दोन सह्यांनी सीलबंद करून खरेदी लिपिकाने आपल्या ताब्यात ठेवायचा. म्हणजे उद्या पुरवठादाराने भलताच माल पाठवला तर सील फोडून ताडून बघता येतं. माझ्या ऑफिसच्या कपाटात बावीस वर्षांचे मंजूर नमुने आहेत. खडू आहेत, झाडू आहेत, एक नळ आहे. झोपेतून उठवलंत तरी मी मंजूर नमुना सील करून दाखवीन.

तीन दुकानदारांकडून, आवडला नाही तर परत करण्याच्या बोलीवर, मी तीन माऊस आणले. नमुना क मुठीत बसणारा होता, त्याच्या डोक्यावर अंगठ्याने फिरवायची एक गोळी होती. नमुना ख चपटा, साबणाच्या वडीसारखा. तो नुसता हवेत हलवला की पडद्यावरचा बाण हलायचा. नमुना ग पिस्तुलासारखा होता, त्याला खाली एक चाप होता, आणि चाप दाबून धरल्याशिवाय बाण जागचा हलत नसे. प्रत्येकाबरोबर नखाएवढा एक रिसीव्हर होता, तो कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचायचा. मी तिन्ही खोचून टाकले. (कुठल्याही नमुन्यावर अन्याय नको.) जुना तारेचा माऊस काढला, त्यावर ‘निर्लेखित’ अशी चिठ्ठी लावली आणि खणात ठेवला.

"म्हणजे काय?" आमच्या नववीतल्या लेकीने विचारलं.

"म्हणजे आता उपयोगाचा नाही."

"चालतोय की."

"चालण्याचा प्रश्न नाही. निर्लेखित आहे."

मंगळवारी चाचणी सुरू झाली. क ने सासूबाईंचा अंगठा दुखायला लागला. ख बद्दल त्या म्हणाल्या, "शिंक आली तर वजीर कुठे जाईल?" ग हातात घेतल्यावर मात्र त्यांनी पडद्यावर नेम धरला, एक डोळा बारीक केला आणि दंतवैद्यांचा फोटो टिपल्यासारखा चाप ओढला. मी तक्त्यात लिहिलं : समाधानकारक.

बुधवारी संध्याकाळी दोन भानगडी झाल्या. एक म्हणजे नमुना ख हरवला. मी सोफ्यामागे पाहिलं, गादीखाली पाहिलं, लेकीच्या दप्तरात पाहिलं.

"बाबा, मी माऊस शाळेत नेऊन काय करू?" ती म्हणाली.

"मी आरोप करत नाहीये. मी फक्त नोंद करतोय." आणि मी लिहिलं : नमुना ख, गहाळ, चौकशी चालू.

दुसरी भानगड जास्त गंभीर होती. कॉम्प्युटर बिघडला. सासूबाई सरावाला बसल्या की मधेच पडद्यावरचा बाण झपकन कोपऱ्यात पळायचा, गरगर फिरायचा, कधी टोकाला जाऊन थरथरत उभा राहायचा. मी ताबडतोब उठून टेबलाशी गेलो, वाकून मागच्या तारा हलवल्या, तर बाण आणखीच पिसाळला. मी थकून खुर्चीत बसलो, तर तोही शांत झाला.

"विजेचा दाब कमी असणार," मी निदान केलं.

गुरुवारी मी ऑफिसातून फोन करून विचारलं. "दिवसभर काही नाही," ही म्हणाली. संध्याकाळी घरी आलो, कपडे बदलले, दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि बाण सुटला. शुक्रवारी तेच. शनिवारी मला सुट्टी होती, तर दिवसभर. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागाला विचारलं, ते म्हणाले व्हायरस. वीज दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला वायरिंग. मी दोघांचं म्हणणं तक्त्यात लिहून घेतलं.

सासूबाई मात्र एका वहीत वेळा लिहून ठेवत होत्या. (गणिताच्या बाई त्या. पण मला वाटलं, खेळींचा अभ्यास चाललाय.)

रविवारी सकाळी अकराला फायनल सुरू झाली. मी स्वतःला बजावून ठेवलं होतं की बोलायचं नाही. दाराजवळच्या खुर्चीत मी पुतळ्यासारखा बसलो. दीड तास बाण गुणी मुलासारखा वागला. मला बुद्धिबळातलं फार कळत नाही, पण लेक कानात सांगत होती की आजीचं पारडं जड आहे, दंतवैद्यांचा एक हत्ती गेला आहे, आणि आता आजीने वजीर आणून टेकवला की पाचसहा खेळ्यांत मात.

सासूबाईंनी नमुना ग उचलला. चाप ओढला. वजीर पकडला आणि त्याला अलगद पटावरून न्यायला लागल्या.

याच क्षणी मला दिसलं की माझ्या चपलेखाली शेंगदाण्याचं टरफल आहे. मी ते उचलायला वाकलो.

वजीर पटावर आडवा धावला. सासूबाईंनी घाबरून चाप सोडला. वजीर जिथे होता तिथे टेकला, आणि तो होता दंतवैद्यांच्या एका साध्या प्याद्यासमोर, बरोबर तिरक्या घरात. कुणीही यावं आणि उचलून न्यावं.

हिने कपाळाला हात लावला. सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी माऊस मांडीवर ठेवला आणि हातांची घडी घातली.

पण दंतवैद्य वजीर घेईनात. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. त्यांचं घड्याळ पळत होतं. लेक कुजबुजली, "त्यांना वाटतंय आजीने सापळा लावलाय. आजी अशी चूक करत नाही ना कधी." तीन वर्षं ज्यांच्याशी खेळलो त्या बाई वजीर उगाच असा देणार नाहीत, याची त्या सज्जनाला एवढी खात्री होती की ते सापळा शोधत बसले. अकरा मिनिटं शोधला. सापळा नव्हताच, त्यामुळे सापडला नाही. घड्याळ शून्यावर आलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली : तुम्ही जिंकलात.

मी आनंदाने उडी मारली. बाणानेही मारली.

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "परत मारा बरं उडी."

मी मारली. बाण छताला लागला.

"डावीकडे वळा. आता उजवीकडे. आता जरा वाका." मी सगळं केलं. बाणानेही केलं. मग त्यांनी वही उघडली. "बुधवार, संध्याकाळी सात ते दहा. गुरुवार, सात ते दहा. शुक्रवार तेच. शनिवार, दिवसभर. तुम्ही घरात आणि अंगात हा शर्ट, एवढंच सगळीकडे समान आहे. खिशात काय आहे?"

माझ्या घरातल्या शर्टाला खिसा एक आहे, पण खोल आहे. ही त्याला खिसा म्हणत नाही, माळा म्हणते. मी एकेक वस्तू टेबलावर काढून ठेवली : चष्म्याचं घर, मोजपट्टी, टॉर्च, चिठ्ठ्यांचं पाकीट, दोन पेनं, खोडरबर. आणि सगळ्यांत खाली, साबणाच्या वडीसारखा चपटा, नमुना ख.

"चौकशी पूर्ण," लेक म्हणाली.

मला वाटलं होतं, सासूबाई रागावतील. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलला आणि सरळ दंतवैद्यांना लावला.

"डॉक्टर, ती माझी खेळी नव्हती," त्या म्हणाल्या. "आमचे जावई वाकले."

दंतवैद्य म्हणाले (फोनचा आवाज मोठा असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं), "बाई, मी त्या खेळीचा अकरा मिनिटं अभ्यास केला. त्यामागे मला फार खोल विचार दिसत होता."

"खोल आहे तो खिसा."

"मग तुम्ही जिंकलात असंच समजू या."

"अजिबात नाही. खिशाने जिंकलेला डाव मला नको. पुढच्या रविवारी चार वाजता, पुन्हा पहिल्यापासून."

दंतवैद्य कबूल झाले. मग सासूबाईंनी माऊसचं खोकं मागवलं, चष्मा लावून त्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "यांची पोच दहा मीटर आहे. रविवारी चार वाजल्यापासून डाव संपेपर्यंत जावईबापूंनी दहा मीटरच्या बाहेर राहायचं."

"आई, पण आता खिशात काही नाही," मी म्हणालो.

"आज सकाळीही नव्हतं ना?" त्या म्हणाल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. ज्यांनी अठरा वर्षांत एकदा काही मागितलं, त्यांचा डाव मी टरफलापायी घालवला होता. आता काही झालं तरी माझ्याकडून कसूर होता कामा नये. मी जय्यत तयारी केली. तक्ता पूर्ण केला : क नामंजूर, ख नामंजूर (चारित्र्य संशयास्पद), ग मंजूर. फाईल चांगली जाडजूड झाली. रविवारी दुपारी मी दाराच्या घंटेची तार काढली, म्हणजे डावात कुणी वाजवायला नको. सगळ्यांना फोन बंद करायला लावले. क आणि ख दुकानदारांना परत करायला एका पिशवीत घातले. घराची किल्लीसुद्धा टेबलावर ठेवली, कारण तिला एक छोटा टॉर्च लावलेला आहे आणि मला कसलीही जोखीम नको होती. मग काही कागदपत्रं उरकली, स्वयंपाकघरात जाऊन हिच्यासमोर एक पाकीट धरलं आणि म्हणालो, "इथे सही कर."

हिचे हात कामात होते. तिने कोपराने भांडं सरकवलं आणि न बघता सही केली. लग्नापासून ती माझ्या कागदांवर अशीच सही करते.

"येतो आई," मी दारातून म्हणालो. "सगळी व्यवस्था चोख आहे."

"सावकाश या," सासूबाई म्हणाल्या. त्यात ‘सावकाश’ वर जरा जोर होता.

दोन्ही दुकानदारांकडे जाऊन मी नमुने परत केले आणि कोपऱ्यावरच्या घड्याळजीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसलो. घरापासून हे अंतर शंभर मीटर तरी असेल. दहा म्हटल्यावर आपण शंभर ठेवावं, असा माझा स्वभाव. सव्वाचार झाले होते. मला अगदी हलकं वाटत होतं. पाणी प्यावं म्हणून बॅग उघडली.

बॅगेत बाटलीशेजारी एक जाडसर खाकी पाकीट होतं. त्यावर लाखेचं सील होतं, आमच्या दोघांच्या सह्या होत्या, आणि माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : मंजूर नमुना ग. खरेदी लिपिकाच्या ताब्यात.

बावीस वर्षांची सवय. मंजूर झाला, सील केला, ताब्यात घेतला. घरात आता एकही माऊस नव्हता.

मी फोन लावला. फोन बंद होते; माझाच हुकूम. मी धावत सुटलो. दोन जिने चढलो आणि घंटेचं बटण दाबलं. घंटा वाजली नाही, तार माझ्याच खिशात होती. किल्ली आत टेबलावर. दार ठोठावायला हात उचलला आणि तसाच थांबलो. समजा, त्यांनी काहीतरी युक्ती काढली असेल, आणि आत्ता वजीर हवेत असेल तर? मी कॉम्प्युटरपासून चार मीटरवर होतो, बॅगेत नमुना ग होता, त्याचा रिसीव्हर आत कॉम्प्युटरला खोचलेला होता, आणि बाटलीने चाप दाबला गेला तर पुन्हा तेच. सेल काढून टाकावेत तर सील फोडायला हवं. सील फोडायला दोन सह्या लागतात आणि जिन्यावर मी एकटा होतो.

शेवटी मी पायरीवर बसलो. बॅग मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि श्वाससुद्धा बेताने घेऊ लागलो. वरच्या मजल्यावरची बाई खाली उतरताना थबकली. "बरं नाही का?" तिने विचारलं. मी मान हलवणार होतो, पण तीही हलवली नाही.

असा मी तासभर बसलो असेन. सासूबाईंचा रडवेला चेहरा मला सारखा दिसत होता. (तो मी प्रत्यक्षात कधीच पाहिलेला नाही, पण दिसत होता.) दंतवैद्य फोनवर म्हणत होते, बाई, छान झुंज दिलीत. आणि बाई म्हणत होत्या, झुंज कुठली डॉक्टर, जावई माऊस घेऊन गेले.

अखेर दार उघडलं. लेक कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आली.

"बाबा? इथे काय करताय?"

"आजी?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"आजी जिंकली. केव्हाच. पस्तिसाव्या खेळीला मात." मग तिला काहीतरी आठवलं. "अरे हो, तुम्हाला बोलवायचं राहिलंच."

मी आत गेलो. दिवाणखाना ओळखू येईना. सोफा टेबलाला जाऊन चिकटला होता. सासूबाई पाय उंच ठेवून ऐटीत बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर माझी तुलनात्मक तक्त्याची जाडजूड फाईल होती, फाईलवर ‘निर्लेखित’ अशी चिठ्ठी लावलेला जुना माऊस होता, आणि त्याची चार फुटांची तार आरामात कॉम्प्युटरपर्यंत पोचून वर थोडी लोंबत होती.

"सोफा कुणी हलवला?" मी विचारलं.

"मी, एका हाताने," ही म्हणाली. "चाकं आहेत त्याला."

"चाकं आहेत?"

"पहिल्यापासून. अहो, तुम्हीच आणलाय ना तो? तीन नमुने बघून?"

मी सोफ्याखाली वाकून पाहिलं. चार चाकं होती. (वाकल्याबरोबर सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. बाण हलला नाही.)

"डॉक्टरांचा फोन आला होता," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "मीच म्हटलं त्यांना, छान झुंज दिलीत. बरं, ही तुमची फाईल मात्र फार उपयोगी पडली हं. सपाट आहे आणि जाड आहे."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या कामाचं कौतुक केलं होतं. छाती फुगल्यासारखी झाली. त्या भरात मी बॅगेतून पाकीट काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"आई, हा माऊस माझ्याकडेच राहिला होता. मंजूर नमुना. सही करता का, म्हणजे सील फोडतो."

त्यांनी पाकीट हातात घेतलं, लाख बघितली, दोन्ही सह्या वाचल्या आणि ते मला परत दिलं.

"नको, असू दे तुमच्या ताब्यात," त्या मायेने म्हणाल्या. "चांगला आहे. आज त्याने काही त्रास दिला नाही. तुम्हीही नाही."